ताम्रपर्वत कोणी शोधला?

खनिजाचा शोध ही एक निर्मळ, निरुपद्रवी आणि केवळ शास्त्रीय गोष्ट आहे, असा समज सुशिक्षित वर्गात खोलवर रुजलेला आहे. खाण सुरू झाली की जमिनी जातात, नद्या गढूळ होतात, मजुराच्या घामावर नफ्याचे इमले उठतात, हे सर्वांना मान्य असते. परंतु त्याआधीचा जो काळ, म्हणजे हातोडी, होकायंत्र आणि वही घेऊन भूवैज्ञानिक डोंगर चढत असतो तो काळ, मात्र राजकारणाच्या पलीकडचा मानला जातो. हा समज खरा नाही. ज्या दिवशी दगडाच्या एका तुकड्याला चिठ्ठी लावून तो पेटीत ठेवला जातो, त्याच दिवशी त्या डोंगरावरील हक्काचा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न त्या दिवशी विचारला गेला नाही, तर पुढे पन्नास-पन्नास वर्षे तो बंदुकीच्या आवाजात ऐकावा लागतो. न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागातील, इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पापुआमधील एर्ट्सबर्ग या तांब्याच्या डोंगराची कथा याची साक्ष देते.

ही कथा भारतातील कार्यकर्त्यांनी आज नीट समजून घेण्याचे कारण आहे. २०२३ साली संसदेने खाण व खनिजविषयक कायद्यात दुरुस्ती केली आणि तांब्यासह २९ खनिजांसाठी ‘शोध-परवाना’ नावाचा एक नवा परवाना निर्माण केला. खोलवर दडलेली व देशाला अत्यावश्यक अशी खनिजे शोधण्याच्या कामी खासगी भांडवलाला वाव मिळावा, हा त्यामागील घोषित हेतू होय. शोध म्हणजे काय, तो कोणाच्या वतीने लावला जातो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न त्यामुळे आता दूरच्या बेटापुरते राहिलेले नाहीत.

कचरा म्हणून हिणवलेला खडक

एर्ट्सबर्गचे धातुक ज्या प्रकारच्या खडकात सापडले त्याला ‘स्कार्न’ असे म्हणतात. हा शब्द मूळचा स्वीडनमधील खाणकामगारांचा. लोहखनिजाभोवती जो कठीण, रंगीबेरंगी, परंतु निरुपयोगी खडक फोडून बाजूला टाकावा लागे, त्याला ते हे नाव देत. थोडक्यात, स्कार्न म्हणजे टाकाऊ माल. पुढे शास्त्रज्ञांनी हा कामकऱ्यांचा शब्द उचलला आणि त्याला पारिभाषिक प्रतिष्ठा दिली. ज्याला कामगार कचरा म्हणत होता, त्याच जातीच्या खडकात जगातील काही अत्यंत समृद्ध ताम्रसाठे दडलेले आहेत, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

स्कार्न तयार होण्याची रीत समजावयास कठीण नाही. समुद्राच्या तळाशी युगानुयुगे साठलेल्या चुनखडीच्या थरांत खालून तप्त शिलारस घुसतो. शिलारस थंड होऊ लागला की त्यातून अतिशय उष्ण, क्षारयुक्त पाणी बाहेर पडते. या पाण्यात सिलिका, लोह, गंधक व तांबे विरघळलेले असते. आम्लधर्मी उष्ण पाणी आणि चुनखडी यांची गाठ पडताच जोराची रासायनिक क्रिया होते. चुनखडीतील कर्बवायू निघून जातो, तिच्यातील चुन्याचा सिलिका व लोहाशी संयोग होतो आणि गार्नेट व पायरॉक्सीन यांसारखी नवी खनिजे जन्मास येतात. त्यानंतर लोहचुंबकीय मॅग्नेटाइट साठते. पाणी आणखी निवले की खडकाच्या भेगांत व पोकळ्यांत चाल्कोपायराइट आणि बोर्नाइट ही तांब्याची गंधकयुक्त खनिजे उतरतात. चुनखडी तांब्याला जणू सापळा लावून बसलेली असते. न्यू गिनीच्या मध्यवर्ती पर्वतरांगेत ही घटना सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी घडली. भूगर्भशास्त्राच्या पंचांगात ही कालपरवाचीच गोष्ट होय.

भूवैज्ञानिकाची विद्या या ज्ञानावर उभी असते. शिलारसाच्या जवळ गार्नेट अधिक, दूर गेल्यावर पायरॉक्सीन अधिक आणि त्याही पलीकडे चुनखडीचा झालेला संगमरवर, असा क्रम पुष्कळदा आढळतो. त्यावरून धातुक कोणत्या दिशेस असेल याचा अंदाज बांधता येतो. मॅग्नेटाइटमुळे चुंबकमापक यंत्राचा काटा हलतो, म्हणून जंगलाच्या वा मातीच्या आच्छादनाखालचा साठाही हेरता येतो. उघड्यावर तांब्याचे हिरवे व निळे डाग आणि गंधकयुक्त खनिजे गंजून झालेली तांबूस टोपी दिसते. परंतु या खुणा म्हणजे केवळ पत्ता. घरात काय आहे ते दार उघडल्याशिवाय कळत नाही. स्कार्नचे साठे आकाराने वेडेवाकडे असतात. कोठे भिंतीसारखे, कोठे नळीसारखे, तर कोठे एकाएकी संपणारे. म्हणून हिऱ्याच्या दातांच्या यंत्राने जमिनीत छिद्रामागून छिद्र पाडावे लागते, खडकाचा लांबट गाभा वर काढून तो तपासावा लागतो, आणि मग कोठे इतके टन, इतके टक्के असा हिशेब मांडता येतो. हे काम चिकाटीचे आहे, बुद्धीचे आहे. त्याचा आदरच केला पाहिजे. प्रश्न एवढाच की, हा हिशेब कोणाच्या वहीत मांडला जातो?

ग्रंथालयातून डोंगराकडे

१९३६ साली तीन डच तरुण, अँटन कोलाइन, भूवैज्ञानिक जाँ जाक डोझी आणि वैमानिक फ्रिट्स विसेल, कार्स्टेन्झ शिखरावरील हिमनद्यांच्या स्वारीवर निघाले. वरवर पाहता ही गिर्यारोहकांची हौस होती. पण कोलाइन हा तेथे तेल शोधणाऱ्या कंपनीचा व्यवस्थापक होता आणि डोझीही त्याच व्यवसायातला. उंच कुरणातून एक काळाकभिन्न सुळका एकटाच उभा असलेला डोझीने पाहिला. हिमनदीने भोवतालचा मऊ खडक खरवडून नेला होता. मॅग्नेटाइट व तांब्याने भरलेले हे कठीण स्कार्न मात्र तिला दाद न देता उभे राहिले होते. निसर्गाने खाण स्वतःच उघडी करून ठेवलेली! डोझीने नमुने घेतले, चित्र काढले आणि डोंगराला नाव दिले ‘एर्ट्सबर्ग’, म्हणजे धातुकाचा डोंगर. शेजारच्या गवताळ डोंगराला त्याने ‘ग्रासबर्ग’ म्हटले. १९३९ साली त्याचा अहवाल लेडन येथील भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात छापला गेला. लगेच महायुद्ध पेटले आणि अहवाल कपाटात पडून राहिला.

या डोंगरांच्या कुशीत अमुंगमे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्या श्रद्धेनुसार ही पर्वतरांग म्हणजे आईचे शरीर; उंच शिखरे हे तिचे मस्तक. ज्या डोंगराला नाव होते, कथा होती, विधिनिषेध होते, तो डोझीने पाहिला त्या दिवशी ‘सापडला’ अशी नोंद जगाच्या दप्तरात झाली. डोझीने लबाडी केली असे नव्हे. तो प्रामाणिक संशोधक होता. परंतु ज्या व्यवस्थेत तो वाढला होता तिच्या शब्दकोशात ‘शोध’ या शब्दाचा अर्थच असा होता की, युरोपीय माणसाने पाहिले म्हणजे अस्तित्वात आले.

वीस वर्षांनी, १९५९ मध्ये, ईस्ट बोर्निओ कंपनीच्या यान व्हान ग्रुइसेन याच्या नजरेस हा जुना अहवाल पडला आणि त्याने ती वार्ता अमेरिकेच्या फ्रीपोर्ट सल्फर कंपनीच्या फोर्ब्स विल्सन यास सांगितली. हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. फ्रीपोर्ट त्या वेळी क्यूबात निकेलच्या मोठ्या प्रकल्पात गुंतलेली होती. क्यूबात क्रांती झाली आणि १९६० साली हा प्रकल्प तेथील सरकारने ताब्यात घेतला. एका बेटावरील लोकांनी आपली खनिजे परत घेतली, तेव्हा भांडवलाने दुसरे बेट शोधले. असे बेट, की जेथील लोकांना अद्याप आवाज नव्हता. १९६० साली विल्सन प्रत्यक्ष डोंगरावर जाऊन पोहोचला. पुढील वेधनातून एर्ट्सबर्गमध्ये सुमारे ३ कोटी ३० लाख टन धातुक, त्यात सरासरी अडीच टक्के तांबे, असा हिशेब निघाला. जगातील पुष्कळशा मोठ्या खाणींत एक टक्काही तांबे नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

विचारले सर्वांना, त्यांच्याखेरीज

विल्सनच्या मार्गात अडचण होती ती खडकाची नव्हे, राज्याची. १९४९ साली इंडोनेशिया सोडताना डचांनी न्यू गिनीचा पश्चिम भाग स्वतःकडे ठेवला होता आणि इंडोनेशिया त्यावर हक्क सांगत होता. १९६१ च्या डिसेंबरमध्ये पापुआच्या लोकांनी आपला स्वतंत्र ध्वज उभारला होता. तरीही १५ ऑगस्ट १९६२ रोजी न्यूयॉर्क येथे जो करार झाला त्यावर सह्या झाल्या हॉलंड आणि इंडोनेशिया यांच्या. पापुआचा प्रतिनिधी त्या करारात पक्षकार नव्हता. १ मे १९६३ रोजी प्रदेशाचा कारभार इंडोनेशियाकडे गेला. लोकांची इच्छा १९६९ अखेरपर्यंत अजमावली जाईल, असे कलम करारात होते.

त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९६२ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १८०३ क्रमांकाचा ठराव केला. नैसर्गिक संपत्तीवर ‘लोकांचे आणि राष्ट्रांचे’ कायमचे सार्वभौमत्व आहे, असे त्यात म्हटले आहे. वसाहतवादातून मुक्त होणाऱ्या जगाची ती सनद होती. परंतु चारच महिन्यांपूर्वी त्याच संघटनेच्या मध्यस्थीने एका लोकसमूहाची भूमी दोन राष्ट्रांनी आपसांत निकालात काढली होती. ठरावातील ‘राष्ट्रे’ हा शब्द अंमलात आला, ‘लोक’ हा शब्द कागदावर राहिला.

येथे डाव्या चळवळीनेही आपल्या आठवणी तपासून पाहणे प्राप्त आहे. सुकार्नो हे बांडुंगचे यजमान, साम्राज्यशाहीविरुद्ध उभे राहिलेले नेते. डचांना हाकलण्याच्या त्यांच्या मोहिमेला आशियातील पुरोगामी मताचा पाठिंबा होता. इंडोनेशियातील कम्युनिस्ट पक्ष तर त्या मोहिमेत आघाडीवर होता. डच वसाहतवादाला विरोध करणे योग्यच होते. चूक ही झाली की, डच गेले म्हणजे वसाहतवाद गेला असे मानले गेले, आणि डोंगरात राहणाऱ्या माणसाला त्याचे मत विचारण्याची निकड कोणालाच वाटली नाही. या चुकीचे फळ भयंकर निघाले. १९६५-६६ मध्ये लष्कराने इंडोनेशियातील डाव्या चळवळीची कत्तल केली. मृतांची संख्या पाच लाख वा त्याहून अधिक मानली जाते. सुहार्तो सत्तेवर आले. जानेवारी १९६७ मध्ये परकीय भांडवलाचा नवा कायदा झाला आणि त्याखालील पहिला करार त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाला तो फ्रीपोर्टशी, एर्ट्सबर्गसाठी, तीस वर्षांच्या मुदतीचा, सुरुवातीच्या तीन वर्षांच्या करमाफीसह. ज्या कार्यकर्त्यांनी ‘पश्चिम इरियन’साठी घोषणा दिल्या होत्या त्यांच्यापैकी कित्येक तोवर थडग्यात होते, आणि ज्या भूमीसाठी त्यांनी घोषणा दिल्या ती अमेरिकन मक्तेदारीच्या हाती गेली होती.

आता तारखांचा क्रम पाहावा. करार १९६७ चा. लोकांची इच्छा अजमावण्याचा सोहळा १९६९ च्या जुलै-ऑगस्टमधला. म्हणजे भूमी कोणाची हे ठरण्यापूर्वीच दोन वर्षे तिच्या पोटातील तांबे दिले गेले होते. आणि तो सोहळा तरी कसा? आठ लाखांच्या आसपास लोकसंख्येतून निवडलेले जेमतेम एक हजारावर प्रतिनिधी, मतपेटी नाही, गुप्त मतदान नाही. लष्कराच्या छायेत सर्वांनी एकमुखाने इंडोनेशियाच्या बाजूने हात वर केले. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक, बोलिव्हियाचे फर्नांडो ओर्तिझ सान्झ, यांनी आपल्या अहवालात आक्षेप नोंदविले. महासभेने अहवालाची ‘नोंद घेतली’ आणि प्रकरण मिटले. ज्या प्रदेशासाठी तीस वर्षांचा खाणकरार आधीच झालेला आहे, त्या प्रदेशाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोण देणार होते?

तांब्याचे शहर

पुढचा भाग अभियंत्यांच्या कर्तृत्वाचा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. अराफुरा समुद्राच्या दलदलीतून शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता डोंगरात नेण्यात आला, बोगदे खोदले गेले, कड्यावरून धातुक खाली आणण्यासाठी तारमार्ग टांगला गेला, दळलेल्या सांद्राचा लगदा बंदरापर्यंत वाहून नेण्यासाठी नळ टाकले गेले. पैसा व बाजारपेठ जपानी आणि पश्चिम जर्मन भट्ट्यांनी पुरविली. डिसेंबर १९७२ मध्ये पहिला माल जहाजावर चढला. १९७३ साली सुहार्तो यांनी उद्घाटन केले आणि कंपनीच्या वसाहतीला तेम्बागापुरा, म्हणजे ‘ताम्रनगरी’, असे नाव दिले. एर्ट्सबर्गचे इंडोनेशियन नामकरण झाले ‘गुनुंग बिजिह’. त्याचाही अर्थ धातुकाचा डोंगर. राज्यकर्ते बदलले, भाषा बदलली. नावाचे केवळ भाषांतर झाले. नव्या मालकालाही त्या डोंगरात धातुकाखेरीज दुसरे काही दिसले नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

अमुंगमे लोकांशी लेखी समझोता झाला तो जानेवारी १९७४ मध्ये, म्हणजे माल जहाजावर चढल्यानंतर वर्षभराने. १९७७ साली असंतोष उफाळला, स्वतंत्र पापुआच्या बंडखोरांनी सांद्राचा नळ तोडला आणि लष्कराने गावांवर त्याचा सूड उगविला. एर्ट्सबर्गचा सुळका हळूहळू नाहीसा झाला. जेथे तो उभा होता तेथे खड्डा राहिला आणि खड्ड्यात पाणी साचले. परंतु भोवतालच्या चुनखडीत आणखी स्कार्नसाठे सापडत गेले, आणि १९८८ साली डोझीच्या त्या निरुपद्रवी ‘गवताच्या डोंगराखाली’ ग्रासबर्गचा प्रचंड साठा हाती लागला. जगातील सर्वांत मोठ्या सुवर्णसाठ्यांत व ताम्रसाठ्यांत त्याची गणना होते. १९९१ च्या अखेरीस नवा तीस वर्षांचा करार झाला.

खाणीच्या भरात दररोज दोन लाख टनांहून अधिक दळलेला गाळ आज्क्वा नदीच्या पात्रात सोडला जात होता. डोंगरावरचे अमुंगमे लोक उखडले गेले, तर सखल प्रदेशातील मासेमारीवर व सागूच्या झाडांवर जगणाऱ्या कामोरो लोकांच्या नद्या गाळाने भरल्या. १९९५ साली अमेरिकन शासनाच्याच विमा महामंडळाने पर्यावरणाच्या हानीचे कारण देऊन कंपनीचा राजकीय जोखमीचा विमा रद्द केला. २००६ साली नॉर्वेच्या सरकारी निधीने तिचे भाग विकून टाकले. १९९६ मध्ये अमुंगमे नेते टॉम बेआनाल यांनी न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयात दावा लावला. तो फेटाळला गेला. योसेफा अलोमांग या अमुंगमे स्त्रीने कैद सोसली, संघटना बांधली; २००१ साली तिला पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. पुरस्कार जगाने दिला; डोंगर कोणी परत दिला नाही.

आणि कामगार? ऑक्टोबर २००३ मध्ये ग्रासबर्गच्या खुल्या खाणीची भिंत कोसळून आठ कामगार ठार झाले. २०११ साली सुमारे आठ हजार कामगारांनी वेतनवाढीसाठी तीन महिने संप केला. ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या गोळीने एक संपकरी मारला गेला. अखेर ३७ टक्के वाढ पदरात पाडून संप मिटला. मे २०१३ मध्ये ‘बिग गोसान’ या स्कार्न खाणीच्या परिसरातील भुयारी प्रशिक्षणवर्गाचे छत कोसळले आणि २८ कामगार गाडले गेले. सुरक्षिततेचे शिक्षण घेण्यासाठी जमलेल्या माणसांवरच दगड कोसळावा, याहून क्रूर योगायोग नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भूमिगत खाणीत चिखलाचा लोंढा घुसून आणखी सात जण मेले. ज्या दगडाला स्वीडिश कामगार कचरा म्हणत होता, त्या दगडापायी मरणाऱ्या कामगाराला मात्र हिशेबाच्या वहीत कोणी मोजत नाही.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि त्यांना उत्तर देणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप असा की, तांबे हवेच ना? विजेची तार, मोटारीचे वेटोळे, सौरऊर्जेची जोडणी, खेड्यातील पंप, यांपैकी काहीच तांब्याखेरीज चालत नाही. कोळसा सोडून विजेकडे वळावयाचे तर तांबे अधिकच लागेल. हे खरे आहे, आणि कष्टकऱ्यांच्या पक्षाला खाणीच्या विरोधात डोळे मिटून उभे राहता येणार नाही. परंतु ‘तांबे हवे’ या वाक्यातून ‘म्हणून डोंगरातील माणसाला विचारू नये’ हे वाक्य निघत नाही. शहराला पाणी हवे असते, तरीही धरणाखाली जाणाऱ्या शेतकऱ्याचे पुनर्वसन आधी व्हावे म्हणून चळवळ लढली. गरज खरी असली म्हणजे अन्याय आपोआप न्याय्य ठरत नाही. उलट गरज जितकी खरी, तितकी ती उघडपणे मांडून संमती मागणे सोपे असावयास हवे.

दुसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो. खाणींचे राष्ट्रीयीकरण केले म्हणजे प्रश्न सुटतो, असे सांगितले जाते. १९७१ साली चिलीच्या संसदेने अ‍ॅलेंदे यांच्या कारकिर्दीत मोठ्या ताम्रखाणींचे राष्ट्रीयीकरण एकमताने केले. ते तिसऱ्या जगाच्या इतिहासातील तेजस्वी पान आहे. राष्ट्रीयीकरण आवश्यक आहे, यात शंका नाही. पण ते पुरेसे आहे काय? डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारी कंपनीने सुमारे ३८५ कोटी डॉलर मोजून फ्रीपोर्ट इंडोनेशियाचे ५१ टक्क्यांहून अधिक भाग आपल्याकडे घेतले आणि त्यांतील दहा टक्के पापुआच्या स्थानिक शासनासाठी राखण्याचे ठरले. हा बदल लहान नव्हे. तथापि खाणीची व्यवहारातील सूत्रे अमेरिकन कंपनीच्याच हाती राहिली, लष्कराची छावणी राहिली, आणि २०२५ चा चिखल या बदलानंतरचाच आहे. भागपत्राचा मालक जाकार्तात बसला काय किंवा अमेरिकेत बसला काय, ज्याच्या आईचे मस्तक कापले गेले त्याला नकाराचा अधिकार नसेल तर फरक नफ्याच्या वाटपात पडतो, सत्तेच्या वाटपात नव्हे. समाजवाद हा सत्तेच्या वाटपाचा विचार आहे.

भारतातील कायदा काय म्हणतो?

आता पुन्हा भारताकडे. येथे तांब्याचे मोठे साठे सिंगभूम, खेत्री आणि मलांजखंड येथे आहेत. मलांजखंड हे महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात. त्या खाणी सार्वजनिक क्षेत्रात उभ्या राहिल्या आणि त्यांचे सर्वेक्षण प्रामुख्याने सरकारी भूवैज्ञानिकांनी केले. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथेही तांब्याच्या खनिजाची नोंद आहे. म्हणजे नव्या शोध-परवान्यांचा विषय विदर्भाच्या दारातला आहे, आणि ज्या डोंगर-जंगलांत हा शोध चालावयाचा ती पुष्कळशी आदिवासींची भूमी आहे.

कायदा या आदिवासींना काय देतो? अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या ‘पेसा’ कायद्यात गौण खनिजांच्या सर्वेक्षणासाठी वा खाणपट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची पूर्वशिफारस बंधनकारक केलेली आहे. गौण खनिजे म्हणजे वाळू, मुरूम, इमारतीचा दगड. तांबे त्यांत बसत नाही. मुरमाच्या खाणीसाठी गावाची शिफारस हवी आणि तांब्याच्या डोंगरासाठी नको, असा हा न्याय! २०१५ साली जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली. स्वामित्वधनाच्या दहा वा तीस टक्क्यांइतकी रक्कम खाणग्रस्त भागासाठी त्यांत जमा होते. पण ती खाण सुरू झाल्यावर. नव्या शोध-परवान्यात, शोध लावणाऱ्या कंपनीला पुढे खाणपट्टा घेणाऱ्याकडून मिळणाऱ्या लिलाव-अधिमूल्यात वाटा आहे. छिद्र पाडणाऱ्याला वाटा आणि ज्याच्या शेतात, ज्याच्या देवराईत छिद्र पडणार त्याला साधे विचारणेही नाही. ही १९३६ ची रीत २०२३ च्या कायद्यात शिरली आहे.

दुसरा मार्ग मात्र याच देशाने दाखविलेला आहे. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइटचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी वनहक्क कायद्याच्या आधारे ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. बारा गावांच्या ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. पापुआत १९६९ साली एक हजारावर प्रतिनिधींनी एकमुखाने ‘होय’ म्हटले, नियमगिरीत बारा ग्रामसभांनी एकमुखाने ‘नाही’ म्हटले. दोन्ही ठिकाणी एकमत. परंतु एक संगिनीच्या धाकाने घडविलेले आणि दुसरे उघड्या सभेत, न्यायाधीशासमोर, आपल्या बोलीत उच्चारलेले. लोकशाही म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी याहून सोपा धडा नाही.

म्हणून खाणक्षेत्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पहिले वेधनयंत्र गावात येईल त्या दिवशीच गावात पोहोचले पाहिजे. पहिला ट्रक खनिज घेऊन निघेल त्या दिवशी नव्हे. त्यांनी तीन मागण्या धरून ठेवाव्यात. वेधनापूर्वी ग्रामसभेची संमती घेतली जावी, आणि ती सर्व प्रमुख खनिजांना लागू व्हावी. खडकाचे नमुने, नकाशे व साठ्याचे हिशेब ही कंपनीची गुप्त मिळकत न मानता सार्वजनिक नोंद मानली जावी, आणि ती गावाला समजेल अशा भाषेत मिळावी. कारण ज्याला डोंगराची किंमत ठाऊक नाही त्याची संमती ही संमतीच नव्हे. आणि खाण झालीच तर भुयारातील सुरक्षितता, गाळाची विल्हेवाट व खाण बंद झाल्यावरची जबाबदारी यांचा करार तांब्याच्या कराराआधी व्हावा. या मागण्यांत शास्त्राला विरोध नाही. उलट भूवैज्ञानिकाने आपली वही गावाच्या चावडीवर उघडावी, एवढीच अपेक्षा आहे.

स्कार्नचा जन्म दोन भिन्न खडकांच्या सीमेवर होतो. खालून आलेली उष्णता आणि वर शांत पडलेली चुनखडी यांच्या संघर्षातून तो घडतो. त्याची खाणही दोन जगांच्या सीमेवर उभी राहते. एका बाजूस जगाचा बाजार, दुसऱ्या बाजूस डोंगरात राहणारा माणूस. या सीमेवर पक्ष कोणाच्या बाजूने उभा आहे, हे खाण उघडल्यावर नव्हे, तर डोंगर ‘सापडला’ अशी पहिली बातमी येते त्याच क्षणी ठरते. एर्ट्सबर्गच्या बाबतीत तो क्षण हुकला. आज तेथे डोंगर नाही; पाण्याने भरलेला खड्डा आहे.